व्यालेल्या कुत्रीची निगा

शेतकऱ्याच्या गोठ्यांत गाय व्यावयास आली म्हणजे घरांतील माणसें रात्र रात्र जागतात. वार पडली कीं नाहीं, वासरूं सडाला लागलें कीं नाहीं, गाय चाऱ्यास तोंड लावते कीं नाहीं, याची विचारपूस शेजारीपाजारीहि करून जातात. त्याच गोठ्याच्या मागें, कडब्याच्या गंजीच्या आडोशास, मळ्याची राखण करणारी कुत्री कदाचित् त्याच रात्रीं व्यालेली असते. परंतु पिलें डोळे उघडून बाहेर रांगूं लागेपर्यंत तिची दखल बहुधा कोणी घेत नाहीं. मग मुलें पिलांभोंवतीं जमतात, कोणतें पिलूं कोणीं न्यावयाचें हें ठरतें, आणि आई मात्र हाडांचा सांपळा होऊन उकिरडा हुंगीत फिरत असते.

हा विषय या मासिकाच्या पानांत कां घेतला, असें कित्येक वाचकांस वाटेल. परंतु रानांत वस्ती करून राहणाऱ्या शेतकऱ्यास कुत्र्याची किंमत सांगावयास नको. रानडुकरांपासून पीक, बिबट्यापासून शेरडेंकरडें आणि चोरापासून मोटारीचे पंप राखणारा हा नोकर पगार मागत नाहीं. चांगलें राखणीचें कुत्रें एका दिवसांत तयार होत नाहीं; तें आईचें दूध, आईची शिकवण व मालकाची निगा यांवर तयार होतें. त्यांतील पहिल्या दोन गोष्टी आई जगली व निरोगी राहिली तरच मिळतात. म्हणून या लेखांत आम्हांस मुख्यतः एकच गोष्ट सांगावयाची आहे: विण्यानंतरचे पहिले चार ते पांच आठवडे पिलांपेक्षां आईकडे अधिक लक्ष द्यावें. या काळांत तिच्यावर येणारीं मोठीं संकटें तीन. तीं तिन्ही आधीं सूचना देऊन येतात. आणि ती सूचना ओळखण्यास दिवसाचीं दहा मिनिटें पुरतात.

आमचा अनुभव

ही जाणीव आम्हांस पुस्तकांतून झाली नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या मळ्यावरील कुत्री मार्गशीर्षांत व्याली. सात पिलें झालीं आणि सातहि जगलीं, म्हणून आम्ही संतोषांत होतों. विसाव्या दिवशीं सायंकाळीं ती पिलांस सोडून अंगणांत येरझारा घालूं लागली. तिला धाप लागली होती, तोंडांतून लाळ गळत होती आणि मागचे पाय काठीसारखे ताठ झाले होते. थोड्या वेळानें ती कोसळली व चारहि पाय ताणून थरथर कांपूं लागली. ‘कुत्री पिसाळली’ अशी हाक उठली. मुलांस आंत कोंडलें गेलें आणि वस्तीवरील चार गडी काठ्या घेऊन धांवले. काठी उचललीहि गेली होती. इतक्यांत शेजारच्या म्हशीस पाहण्यासाठीं आलेले पशुवैद्य गलबला ऐकून तेथें आले. त्यांनीं काठ्या खालीं ठेवावयास लावून पहिला प्रश्न विचारला तो हा कीं, “ही व्याली केव्हां?”

आम्हीं दिवस सांगितले. तेव्हां त्यांनीं दुसरा प्रश्न केला, “गाभण असतांना हिला काय घालीत होतां?” म्हशीसाठीं आणलेलें कॅल्शियमचें औषध आम्ही तिलाहि रोज भाकरीवर घालीत होतों, हें आम्हीं कांहींशा अभिमानानेंच सांगितलें. ते म्हणाले, “तेथेंच चुकलें.” मग छातीवर नळी लावून ठोके ऐकत ऐकत त्यांनीं शिरेंतून अगदीं सावकाश औषध सोडलें. पाव तासाच्या सुमारास कांप थांबला, आणि रात्रीं कुत्री उठून पाणी प्याली. ते पाव तास उशिरा आले असते, तर एक निरोगी राखणदार आमच्या डोळ्यांदेखत व आमच्याच संमतीनें मारली गेली असती, आणि सात पिलें पोरकीं झालीं असतीं. या दुखण्याचें कारण पुढें सांगूं. तत्पूर्वीं पहिल्या दिवसापासून क्रमानें विचार करूं.

विण्याचा दिवस

आपल्याकडे गांवठी कुत्र्या बहुधा भाद्रपदाच्या सुमारास माजावर येतात. गर्भाचा काळ सुमारें ६३ दिवस, म्हणजे नऊ आठवडे असल्यामुळें वीण कार्तिक-मार्गशीर्षांत पडते. थंडीचे दिवस व ज्वारी-हरभऱ्याच्या राखणीचे दिवस एकच असल्यानें कुत्रीकडे पाहण्यास सवड नसते, हें खरें. तरी विण्याच्या दिवशीं दोन गोष्टी पाहाव्या.

पहिली वारेची. प्रत्येक पिलामागें एक वार पडते; ती पिलाबरोबर किंवा त्यानंतर थोड्याच वेळांत पडते, आणि केव्हां केव्हां दोन पिलांची वार एकदम पडते. कुत्री ती खाऊन टाकते, हें स्वाभाविक आहे. फार खाल्ल्यास एखादा दिवस वांति किंवा ढाळ होतो, त्याची भीति बाळगूं नये. दुरून जमेल तेवढी मोजदाद ठेवावी, परंतु मोजण्यासाठीं तिला उठवूं नये, आणि लोंबत असलेली वार कधींहि ओढूं नये.

दुसरी गोष्ट अडलेल्या पिलाची. शेवटचें पिलूं झाल्यावर कुत्री शांत होते, पिलांस चाटते व पोटाशीं घेते. ती अर्धा तास जोरानें कळा देत असूनहि पिलूं येत नसेल, किंवा पोटांत पिलूं आहे अशी खात्री असतां दोन तासांहून अधिक वेळ नुसताच जाईल, तर तिला पशुवैद्याकडे न्यावें. अशा वेळीं कळा वाढविणारें इंजेक्शन कोणाकडून तरी टोंचवून घेण्याचा मोह होतो. पिलूं आडवें असल्यास त्या इंजेक्शनानें गर्भाशय फाटून आई दगावते. म्हणून तें पशुवैद्यानें तपासल्यावांचून देऊं नये.

पिलांस पहिल्याच दिवशीं आईचा चीक मिळाला पाहिजे. रोगांशीं झगडण्याची शक्ति त्या चिकांतून त्यांस मिळते, आणि तो चुकला तर मागून कितीहि दूध पाजलें तरी ती भरून येत नाहीं.

जागा

कुत्रीस स्वतः निवडलेली जागा प्रिय असते. ती जागा सुरक्षित असेल तर बदलूं नये. बदलणें भागच असेल तर विण्यापूर्वीं आठपंधरा दिवस तिला नव्या जागेची संवय लावावी. जागा कोरडी, वाऱ्यापासून आडोशाची, जनावरांच्या पायाखालीं न येणारी आणि जाण्यायेण्याच्या वाटेपासून बाजूस असावी. खालीं कोरडा भुसा किंवा गवत व त्यावर स्वच्छ तरट घालावें. तें रोज पालटून उन्हांत वाळवावें. ओल्या व घाणेरड्या अंथरुणावर दूध देणारीं आंचळें घासलीं जातात, आणि पुढें सांगितलेलें आंचळांचें दुखणें बहुधा तेथूनच सुरू होतें.

येथें एक इशारा द्यावासा वाटतो. मळ्यांत रिकामीं पोतीं पुष्कळ असतात, आणि हाताशीं येईल तें पोतें कुत्रीखालीं टाकलें जातें. खताचें, कीटकनाशकाचें किंवा औषध लावलेल्या बियाण्याचें पोतें या कामीं कधींहि वापरूं नये. आई तें चाटते, पिलें तेंच चघळतात, आणि विषबाधेचें कारण कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं.

पिलांस पहिल्या आठवड्यांत स्वतःच्या अंगाची ऊब राखतां येत नाहीं. त्यांच्या जागीं ८५ ते ९० अंश फॅरनहाइट इतकी ऊब असावी. थंडी फार असल्यास एका कोपऱ्यावर विजेचा दिवा उंच टांगावा. पण आईस त्या उबेपासून दूर सरकण्यास जागा ठेवावी. उष्णतेनें त्रासलेली आई पिलांस सोडून बाहेर जाऊन बसते, आणि आपण तिला ‘निर्दय’ म्हणतों.

या दिवसांत अन्न घालण्याचें काम घरांतील एकाच परिचित माणसाकडे असावें. मुलांनीं पिलें उचलूं नयेत. परकीं कुत्रीं जवळ येऊं देऊं नयेत. नेहमीं गरीब असलेली कुत्रीहि पिलांजवळ चावते. तो तिचा दोष नसून धर्म आहे, आणि त्याबद्दल तिला मारणें म्हणजे पिलांवरील तिचें चित्त उडविणें होय.

आहार

कित्येक गांवीं व्यालेल्या कुत्रीस गुळातुपाचा शिरा करून घालण्याचा प्रघात आहे. मुलें घरोघर जाऊन पीठ व गूळ गोळा करतात, एखादी आजी तो शिरा चुलीवर ढवळते, आणि कुत्रीचें बाळंतपण साजरें होतें. या दयाळूपणास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. थकलेल्या आईस थोडा शिरा बाधत नाहीं. परंतु दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. एक, त्यांत मनुका किंवा बेदाणे घालूं नयेत. द्राक्षें व त्यांपासून झालेले हे पदार्थ कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी करूं शकतात. द्राक्षबागाईतदारांनीं तर हें विशेष लक्षांत ठेवावें. दोन, शिरा हा एका दिवसाचा सोहळा आहे. दूध एक दिवस द्यावयाचें नसून महिना-दीड महिना द्यावयाचें आहे.

विल्यावर पहिला दिवस कुत्री फारसें खात नाहीं. तेव्हां पाणी व पातळ पेज पुरे. दुसऱ्या दिवसापासून भूक उघडते. पहिल्या आठवड्यांत नेहमीच्या आहाराच्या सुमारें दीडपट, दुसऱ्यांत दुप्पट आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत, पिलें मोठीं होऊन दूध ओढूं लागतात तेव्हां, तिप्पटीपर्यंत आहार लागतो. पिलें पांचसहांहून अधिक असल्यास याहूनहि जास्त लागतो. एवढें अन्न एका वेळीं पोटांत मावत नाहीं. म्हणून दिवसांतून तीन-चार वेळां विभागून घालावें.

ही वाढ नुसत्या भाकरीची नसावी. ताकांत कुस्करलेल्या भाकरीवर राखणीचें कुत्रें एरव्हीं कसेंबसें निभावतें. पण दुधांत मांसवर्धक द्रव्यें व स्निग्धता पुष्कळ असते आणि ती भाकरी-ताकांतून येत नाहीं. भाकरी किंवा भात हा पाया ठेवून त्यांत उकडलेलीं अंडीं, कोंबडीचें किंवा बोकडाचें शिजविलेलें मांस, मासळी, यांपैकीं जें परवडेल तें रोज मिसळावें. शाकाहारी घरांत दहीं, पनीर, शिजविलेली डाळ व उकडलेलें सोयाबीन द्यावें. ज्या कुत्रीस निरसें दूध पचत नाहीं तिला दहीं बहुधा पचतें. अन्नांत कांदा व लसूण नसावा. त्यांनीं कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशींचा नाश होतो. शिजविलेलीं हाडें फुटून त्यांच्या अणकुच्या आंतड्यांत रुततात, म्हणून तीं वर्ज्य करावीं.

कापलेल्या शेळी-मेंढीचें कच्चें काळीज, फुप्फुस अथवा डोकें कुत्रीपुढें टाकण्याची चाल सर्वत्र आहे. ती सोडली पाहिजे. त्या अवयवांतील पाण्याच्या गांठींत कृमींची पैदास असते. कुत्र्याच्या पोटांत ते कृमि वाढतात, त्यांचीं अंडीं विष्ठेवाटे कुरणांत जातात, आणि पुनः मेंढ्यांस व माणसांसहि त्या गांठी होतात. मेंदूंत गांठ होऊन एकाच जागीं गरगर फिरत मरणारी मेंढी ज्यानें पाहिली आहे, त्यास याहून अधिक सांगावयास नको.

स्वच्छ पाण्याचें भांडें तिच्या अगदीं जवळ असावें. पुष्कळ कुत्र्या पिलांस सोडून पाण्यासाठीं दूर जात नाहींत, आणि पाणी पोटांत गेलें नाहीं तर दूध येत नाहीं.

रोजची तपासणी

आतां त्या दहा मिनिटांविषयीं. रोज ठराविक वेळीं, अन्न घालतांना, तिच्या परिचयाच्या माणसानें तीन गोष्टी पाहाव्या: अंगावरून जाणारा स्राव, आंचळें आणि अंगांतील ताप.

स्राव प्रथम हिरवट काळसर असतो. त्यानें घाबरूं नये. वारेंतील रंगद्रव्यामुळें तो रंग येतो. एकदोन दिवसांत तो तांबूस तपकिरी होतो व तीन-चार आठवड्यांत कमी कमी होत थांबतो. कधीं थोडा अधिक काळ किंचित् दिसतो. त्यास दुर्गंधि नसावी. घाण वास, पुवासारखा दाट स्राव, किंवा ताज्या रक्ताची धार दिसल्यास, त्याबरोबर ताप असून कुत्री अन्न टाकीत व पिलांकडे दुर्लक्ष करीत असल्यास गर्भाशय सडूं लागला आहे असें समजावें. वार किंवा मेलेलें पिलूं आंत राहिल्यानें असें होतें. हें पहिलें संकट. तें विण्यानंतर पहिल्या आठवड्यांत बहुधा येतें आणि त्यास घरगुती उपाय नाहीं. त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

आंचळें बहुधा पांच जोड्या असतात, आणि मागील जोड्यांस दूध अधिक असतें. हात स्वच्छ धुऊन प्रत्येक आंचळ हलक्या बोटांनीं चांचपावें. दूध भरलेलें आंचळ घट्ट असलें तरी दुखत नाहीं. एखादें आंचळ गरम, कठीण, लाल किंवा जांभळें झालें, हात लावतांच कुत्री कण्हूं लागली, किंवा दूध पिवळट, गांठाळ अथवा रक्तमिश्रित आलें, तर तें दुसरें संकट, म्हणजे गाईंच्या कासदाहाचीच जात होय. प्रारंभीं कोमट पाण्यांत बुडविलेल्या फडक्यानें दिवसांतून तीन-चार वेळां शेक देऊन तें दूध हलकेंच काढून टाकावें व पशुवैद्यास दाखवावें. पिलांस त्या आंचळाचें दूध द्यावें कीं नाहीं, हें दुखण्याच्या पायरीवर अवलंबून असतें व तें त्यांनींच ठरवावें. आंचळ काळें पडूं लागलें तर एक दिवसहि थांबूं नये. या दुखण्याचें एक कारण पिलांचीं नखें हें आहे. दूध ओढतांना पिलें पुढच्या पंजांनीं आंचळें दाबतात व सुईसारख्या नखांनीं ओरखडे उठतात. म्हणून आठवड्यांतून एकदां नखांचीं केवळ टोंकें लहान कातरीनें कापावीं.

ताप पाहण्यासाठीं वेगळा थर्मामीटर ठेवावा. त्यास तेल लावून तो गुदद्वारांत मिनिटभर ठेवावा. कुत्र्याच्या अंगाची नेहमीची उष्णता १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. विल्यानंतर पहिल्या दिवसांत ती १०३ पर्यंत गेली व कुत्री उल्हासांत असली तर चिंता नाहीं. १०३ च्या वर ताप आणि त्याबरोबर मलूलपणा, हें धोक्याचें चिन्ह होय.

दुग्धज्वर आणि पिसाळण्याचा भ्रम

तिसरें संकट आमच्या अंगणांत घडलें तें. गाईच्या दुग्धज्वराची माहिती पुष्कळ शेतकऱ्यांस आहे. गाय विल्यावर एकदोन दिवसांत बसते, कान थंड पडतात, मान पोटाकडे वळते, आणि नांव ‘ज्वर’ असलें तरी अंग गार असतें. कुत्रीचें दुखणें मुळांत तेंच, पण रूप नेमकें उलट. तें बहुधा विण्यानंतर दोन ते चार आठवड्यांनीं, दूध भरांत असतांना येतें. अंग तापतें, स्नायु ताठतात आणि झटके येतात. लहान चणीच्या व पिलें पुष्कळ असलेल्या कुत्रीस याचा धोका अधिक.

याचें कारण असें. दुधांतून चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, भराभर बाहेर जातो. रक्तांतील ही तूट हाडांतील सांठ्यांतून भरून काढण्याचें काम मानेंतील चार बारीक ग्रंथि करतात. जेव्हां दुधाची ओढ या ग्रंथींच्या वेगापेक्षां अधिक होते, तेव्हां रक्तांतील कॅल्शियम एकाएकीं उतरतें आणि मज्जातंतु व स्नायु ताळ्यावर राहत नाहींत. कणगी धान्यानें भरलेली आहे, पण जातें बंद पडल्यामुळें घर उपाशी आहे, अशांतला हा प्रकार. आतां आमची चूक वाचकांच्या ध्यानांत येईल. गाभणपणीं बाहेरून रोज कॅल्शियम घातल्यानें त्या ग्रंथींस कामच उरत नाहीं व त्या सुस्तावतात. मग ऐन दुधाच्या वेळीं जातें फिरवावयास कोणी नसतें. म्हणून गाभण कुत्रीस कॅल्शियमचें औषध आपण होऊन देऊं नये. विल्यानंतर द्यावयाचें असल्यास तें पशुवैद्याच्या सल्ल्यानें द्यावें.

लक्षणें पायरीपायरीनें येतात. प्रथम अस्वस्थता, विनाकारण धाप, पिलांस पाजण्याचा कंटाळा, तोंड जमिनीस घासणें. नंतर लाळ, ताठ पायांची चाल, अंगास कंप. शेवटीं कोसळणें, झटके व १०५ अंशांच्याहि वर ताप. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत कांहीं तासच जातात, आणि उपचार न झाल्यास मृत्यु येतो. म्हणून पहिली पायरी दिसतांच पिलें वेगळीं करावीं व पशुवैद्यास बोलवावें. कित्येक भागांत फिरत्या पशुचिकित्सा वाहनासाठीं १९६२ हा क्रमांक चालूं आहे. आपल्या तालुक्याची चौकशी आधींच करून ठेवावी. कुत्रीस शांत, अंधाऱ्या, थंड जागीं ठेवावें. झटके येत असतां तोंडांत पाणी, दूध, औषध कांहींहि घालूं नये. तें फुप्फुसांत जातें. ताप १०५ च्या वर असल्यास अंगावर ओलें फडकें घालावें व १०३ पर्यंत उतरतांच काढावें.

घरांत गाईसाठीं आणलेली कॅल्शियमची बाटली असते, आणि टोंचणारा कोणी तरी भेटतो. तो मार्ग घातक आहे. हें औषध शिरेंतून वेगानें गेल्यास हृदय जागच्या जागीं थांबतें. मांसांत किंवा कातड्याखालीं गेल्यास तेथील मांस सडूं शकतें. हृदयाचे ठोके ऐकत सावकाश देणारा हातच तें देऊं जाणे.

झटके थांबल्यावर पिलांस निदान चोवीस तास आईपासून दूर ठेवावें. तीन आठवडे झालेलीं पिलें पातळ पेज चाटावयास शिकतात. त्यांचें दूध तेव्हांपासून तोडूं लागावें. एकदां असें झालेल्या कुत्रीस पुढील वितींतहि तें होण्याचा संभव असतो.

राहिला प्रश्न पिसाळण्याचा. पिसाळलेलें कुत्रेंहि लाळ गाळतें, अडखळत चालतें व त्यास झटके येतात. नुसत्या डोळ्यांनीं निश्चय करणें सामान्य माणसाच्या हातचें नाहीं. म्हणून आम्ही दोन्ही बाजू सांगतों. जी कुत्री पिलांस पाजीत आहे, व्याल्यास दोन-चार आठवडे झाले आहेत, तिला असे झटके आल्यास दुग्धज्वराचा विचार प्रथम मनांत आणावा व काठी उचलूं नये. तथापि तिच्या तोंडाजवळ उघडा हात नेऊं नये. तिला जाड तरटानें झांकून उचलावें किंवा आहे तेथें कोंडून निर्णय पशुवैद्यावर सोंपवावा. ती कोणास चावली किंवा तिची लाळ जखमेस लागली, तर ती जागा साबणानें व वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस टोंचून घेण्यास आरंभ करावा. पिसाळीचीं लक्षणें उमटल्यावर माणूस वांचत नाहीं. येथें संकोच किंवा आळस यांस जागा नाहीं. कुत्रीस दरवर्षीं पिसाळीची लस दिलेली असली म्हणजे अशा प्रसंगीं मालकाच्या मनावरील अर्धा भार उतरतो. ती लस माजावर येण्यापूर्वींच देऊन ठेवावी.

औषधें, जंत व लस

माणसांच्या दुखण्यावरील आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल यांसारख्या गोळ्या कुत्रीस देऊं नयेत. त्यांनीं पोटांत व्रण होतात, यकृत किंवा मूत्रपिंडें बिघडतात. त्याचप्रमाणें गुरांच्या गोचिडांवरील औषध पाण्यांत कालवून पाजत्या कुत्रीच्या अंगास फांसूं नये. तें पिलांच्या तोंडांत जातें. पिसवा व गोचिडी झाल्यास पाजत्या कुत्रीस चालेल असें औषध विचारून आणावें.

पिलांस जंत जन्माबरोबरच येतात. आईच्या अंगांत सुप्त असलेल्या अळ्या गर्भांत व दुधावाटे पिलांत उतरतात. म्हणून दुसऱ्या, चवथ्या, सहाव्या व आठव्या आठवड्यांत पिलांस जंतांचें औषध द्यावें, आणि त्याच वेळीं आईसहि द्यावें. मात्रा वजनावर ठरते. या जंतांचीं अंडीं मातींतून लहान मुलांच्या पोटांत गेल्यास अळ्या यकृतांत किंवा डोळ्यांतहि शिरतात. म्हणून विष्ठा रोज उचलून पुरावी व पिलांशीं खेळल्यावर मुलांस हात धुवावयास लावावें. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास पिलांस रक्ती हगवणीच्या व इतर सांथीच्या रोगांवरील लस आणि तीन महिन्यांचीं झाल्यावर पिसाळीची लस टोंचावी.

दूध तोडणें आणि त्यानंतर

तिसऱ्या-चवथ्या आठवड्यापासून पिलांस मऊ, पातळ अन्न चाटावयास द्यावें. जसजशीं तीं खाऊं लागतात, तसतसा आईवरील भार उतरतो. सहा ते आठ आठवड्यांत दूध पूर्ण तुटावें. त्या वेळीं आईचा वाढविलेला आहार हळूहळू पूर्ववत् करावा, म्हणजे दूध सांचून आंचळें दुखत नाहींत. आठ आठवड्यांपूर्वीं पिलूं कोणास देऊं नये. आई व भावंडें यांच्या सहवासांत तें दांत आवरावयास शिकतें, आणि हा धडा मनुष्य मागून देऊं शकत नाहीं.

शेवटचा विचार पुढील वितीचा. प्रत्येक वितीचीं सर्व पिलें पाळणारें घर मिळत नाहीं, आणि मग पोत्यांत भरून पिलें दूर नेऊन सोडण्याचें पाप घडतें. ज्यास पुनः पिलें नको असतील त्यानें दूध आटल्यावर कांहीं आठवड्यांनीं कुत्रीचें वंध्यीकरण करून घ्यावें. राखणीच्या कामांत त्यानें उणेपणा येत नाहीं. उलट माजाच्या दिवसांत कुत्र्यांच्या झुंडी मळ्यांत शिरत नाहींत. ज्यास पिलें हवीं असतील त्यानें निदान तिच्या बरगड्या पुनः मांसानें झांकल्या जाईपर्यंत तिला नराजवळ जाऊं देऊं नये.

आमची ती कुत्री त्यानंतर पुष्कळ वर्षें मळ्यावर राहिली. तिच्या सात पिलांपैकीं एक आज आमच्या दारांत आहे, व बाकीचीं आसपासच्या वस्त्यांवर राखण करतात. त्या सायंकाळीं काठी घेऊन आलेल्यांपैकीं एका गड्यानें त्यांतीलच एक पिलूं मागून नेलें, आणि त्याची कुत्री व्याली म्हणजे तो आतां आम्हांसच येऊन विचारतो कीं, आज कितवा दिवस लागला. वाचकांनींहि एवढेंच करावें. कुत्री व्याली त्या दिवशींची तारीख गोठ्याच्या भिंतीवर कोळशानें लिहावी, त्यापुढें पांच आठवडे रोज दहा मिनिटें तिच्यापाशीं बसावें, आणि पशुवैद्याचा क्रमांक त्याच भिंतीवर लिहून ठेवावा.